सणाच्या दिवशीची भुते

सन २०२४ ची दिवाळी आमच्या वाचकांच्या स्मरणात असेल. त्या वर्षी भिंतीवरील पंचांग आणि चर्चचे कॅलेंडर ह्यांची मोठी विलक्षण गाठ पडली होती. ३१ ऑक्टोबरला नरक चतुर्दशी. तीच सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या. १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन; तोच सर्व संतांचा सण. आणि २ नोव्हेंबरला पाडवा. तोच आपल्या मृतांच्या स्मरणाचा दिवस. शेजारच्या घरी पणत्या, आमच्या हाती कबरींवर लावावयाच्या मेणबत्त्या, असा तो एकाच वेळचा उजेड आम्ही सिल्वासात पाहिला.

त्या सुट्टीत आमचा नऊ वर्षांचा नातू मुंबईहून आमच्याकडे आला होता. ३१ तारखेच्या रात्री घरातील मोठी मुले दूरचित्रवाणीवर एक भयपट पाहत बसली होती, आणि हा त्यांच्या मागे उशी छातीशी धरून तोच चित्रपट बोटांच्या फटींतून पाहत होता. चित्रपट संपल्यावर तो आमच्या खाटेवर येऊन बसला व म्हणाला, "आजोबा, भुतं नेहमी सुट्टीच्याच दिवशी का येतात? शाळेच्या दिवशी का येत नाहीत?"

आम्ही हसलो. "शाळेच्या दिवशी त्यांना मास्तरांची भीती वाटते," असे आमच्या तोंडून सहज निघून गेले. नातू खुदकन हसला आणि थोड्या वेळाने झोपीही गेला. आम्हांस मात्र झोप आली नाही. जे वाक्य आम्ही उच्चारले ते आमचे नव्हतेच. ते आमच्या आईचे होते, आणि ते त्या घरात त्रेपन्न वर्षांनंतर प्रथमच उच्चारले गेले होते.

मुलाचे निरीक्षण खोटे होते असे कोण म्हणेल? सायबाच्या देशात भुताच्या गोष्टीचा हंगाम म्हणजे नाताळ. चार्ल्स डिकन्स ह्यांचे ख्रिसमस कॅरल हे पुस्तक १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झाले. त्यातील कंजूष म्हाताऱ्याकडे मेलेला भागीदार साखळदंड ओढीत येतो तो नाताळच्या आदल्या रात्री. हेन्री जेम्स ह्यांची १८९८ मधील प्रसिद्ध भयकथा सुरू होते तीही नाताळच्या आदल्या रात्री, शेकोटीभोवती बसलेल्या पाहुण्यांमध्ये. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातील विद्वान एम. आर. जेम्स हे तर नाताळच्या सुमारास स्नेह्यांस जमवून स्वतः लिहिलेल्या भुताच्या गोष्टी वाचून दाखवीत. पुढे चित्रपट आले. १९७४ मध्ये नाताळच्या सुट्टीवरील भयपट आला, १९७८ मध्ये हॅलोवीनच्या रात्रीवरील आला, आणि मग वर्षातील बहुतेक सणांच्या वाट्याला एखादा तरी आलाच.

आपल्याकडे हा मान दिवाळीचा. काशिनाथ रघुनाथ मित्र ह्यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून मराठी माणसाच्या फराळाच्या ताटाशेजारी अंक आला. त्या अंकांतून कविता आल्या, विनोद आले, आणि भयकथाही आल्या. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी ह्यांच्या कथा हाती घेऊन, तोंडात चकली असताना अंगावर काटा आणून घेणारे वाचक आमच्या पिढीत थोडे नव्हते.

तेव्हा ह्याचे एक कारण अगदी व्यवहाराचे आहे. गोष्ट ऐकावयास आणि वाचावयास सवड लागते. सवड सुट्टीत मिळते. म्हणून गोष्टी सुट्टीसाठी लिहिल्या जातात, आणि सुट्टीसाठी लिहिलेल्या गोष्टीत सुट्टीच येते. डिकन्स स्वतः साप्ताहिक चालवीत आणि त्याचे खास नाताळ अंक काढीत. रेल्वेच्या बोगद्यातील त्यांची प्रसिद्ध भूतकथा १८६६ च्या अशाच नाताळ अंकातली. छापणाऱ्याचे गणित लंडनमध्ये आणि मुंबईत एकच होते.

परंतु एवढ्याने समाधान होत नाही. सवड असताना माणसाने गोड गोष्ट का मागू नये? भयाचीच का मागावी?

सण कोठे बसवले आहेत हे पाहिले तर थोडा उलगडा होतो. दिवाळी ऐन अमावास्येला येते. नाताळ येतो तो उत्तरेकडे वर्षातील सर्वांत मोठ्या रात्रींच्या सुमारास. काळोख जेथे अधिक दाट तेथेच पूर्वजांनी दिवा ठेवला, आणि त्या दिव्यासाठी काळोखाचे नावही घेतले. धनत्रयोदशीला दक्षिणेकडे ज्योत करून यमासाठी दिवा लावतात. नरक चतुर्दशीला पहाटे अंगणात कारीट पायाच्या अंगठ्याने चिरडतात. गोव्यात रात्रभर नरकासुराचे अक्राळविक्राळ पुतळे मिरवून पहाटे जाळतात. आमच्या ह्या डोंगरपट्टीत तर आणखी एक विशेष आहे. देशावर ज्या दिवशी वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा होते, त्याच दिवशी वारली पाड्यांत वाघबारस असते आणि वाघदेवाला नैवेद्य दाखवला जातो. ज्याचे भय, त्यालाच सणाचे पहिले निमंत्रण!

चर्चचे वर्षही ह्याला अपवाद नाही. क्लूनी मठाचे मठाधिपती संत ओदिलो ह्यांनी १० व्या शतकाच्या अखेरीस सर्व मृतांचा स्मृतिदिन २ नोव्हेंबरला नेमला, तो सर्व संतांच्या आनंदसोहळ्याच्या अगदी पाठीला पाठ लावून. आणि नाताळच पाहा. २५ डिसेंबरला आपण गोठ्यातील बाळापुढे गुडघे टेकतो. २६ ला दगडांनी ठेचलेल्या संत स्तेफनाचा सण. आणि २८ ला हेरोदाने मारविलेल्या निष्पाप बालकांचा. गोठ्यावरील चांदणी अजून लुकलुकत असते, नेवऱ्यांचा डबा अजून अर्धा भरलेला असतो, आणि पुत्रांसाठी रडणाऱ्या माता कॅलेंडरमध्ये उभ्या असतात. ही योजना ज्यांनी केली त्यांस आनंदाचे वावडे नव्हते. आनंद होत असताना घरात काय काय घडू शकते, हे मात्र त्यांस ठाऊक होते.

आमच्या नोकरीतील एक अनुभव येथे सांगावासा वाटतो. १९८० नंतर करसवलतींमुळे सिल्वासाच्या परिसरात कारखाने उभे राहिले, आणि आम्हीही अनेक वर्षे एका कारखान्याच्या भांडारात काम केले. तेथील रात्रीचा पहारेकरी मोठा धीट गडी होता. यंत्रे धडधडत असताना तो एकटा साऱ्या आवारातून बॅटरी घेऊन फिरे. पण दिवाळीच्या चार दिवसांत कारखाना बंद राही तेव्हा तोच माणूस आपल्या खोलीची कडी लावून बसे. आम्ही चेष्टा केली तर म्हणाला, "साहेब, मशीन चालू असताना कोणी आलं तर मी एकटा नसतो. मशीन बंद पडल्यावर जो येईल तो फक्त माझ्याकडेच येईल."

त्या अशिक्षित माणसाने आम्हांस बरेच काही शिकवले. रोजचे दिवस आपल्याला राखीत असतात. भोंगा, घंटा, हजेरीपट, वर्गशिक्षक, शेजारच्या टेबलावरचा सोबती, ठरलेली बस; ह्या सर्वांस आपण कंटाळतो, पण ते आपल्यावर नजर ठेवून असतात. दहा मिनिटे उशीर झाला तर कोणीतरी विचारते. सणाच्या दिवशी हे सारे राखणदार एकदम रजेवर जातात. १९७५ मध्ये आलेला 'जॉज' नावाचा अमेरिकन चित्रपट आमच्या काही वाचकांनी पाहिला असेल. त्यात समुद्रात नरभक्षक मासा आला आहे हे ठाऊक असूनही त्या गावचा नगराध्यक्ष किनारा बंद करू देत नाही, कारण ४ जुलैची, त्यांच्या स्वातंत्र्यदिनाची, सुट्टी तोंडावर आलेली असते आणि पाहुण्यांवर गावाचे पोट असते. त्या चित्रपटात माशापेक्षा आम्हांस अधिक भय वाटले ते त्या सुट्टीचेच, त्या हसऱ्या गर्दीचे. प्रत्येकजण समजत होता की पाण्यातल्या मुलांवर दुसऱ्या कोणाची तरी नजर आहे.

आता जे सांगावयाचे आहे ते सांगण्यास आम्ही इतका वेळ लावला, ह्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

दादरा आणि नगर हवेली २ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगीजांच्या हातून मुक्त झाली आणि १९६१ मध्ये भारतात विलीन झाली. त्यानंतर काही वर्षांनी आमचे वडील नोकरीसाठी वसईहून सिल्वासाला आले. आम्ही भावंडे तिघे: थोरली बहीण, मधले आम्ही, आणि आमच्याहून चार वर्षांनी लहान एक भाऊ. वडिलांच्या नोकरीत सणवार पाळले जात नसत. आई शिवणकाम करी, आणि शिवणाऱ्या बाईला दिवाळी-नाताळइतके कष्टाचे दिवस दुसरे नसतात. साऱ्या आळीच्या नव्या कपड्यांचा ढीग तिच्या यंत्राशेजारी पडलेला असे. म्हणजे आम्हांस सुट्टी लागे तेव्हा तिची मान वर होत नसे.

घरापासून दमणगंगा फार दूर नव्हती. पावसाळा सरला की नदी निवळे, आणि खडकांमधले डोह आकाशासारखे निळे दिसत. त्या डोहांसाठी आईने एक गिऱ्हा ठेवला होता. ठेवला होता असेच म्हणावयास हवे. तिच्या गोष्टीतला हा गिऱ्हा सुट्टीच्या दिवशी, भर बारा वाजता, डोहाच्या तळाशी उठून बसे आणि ओळखीच्या माणसाच्या आवाजात मुलांस हाक मारी. ओ दिली की पाय निसटलाच! आमची बहीण विचारी, "शाळेच्या दिवशी तो काय करतो गं आई?" आई पायाने यंत्र चालवीत, सुईवरची नजर न हलवता म्हणे, "शाळेच्या दिवशी त्याला मास्तरांची भीती वाटते." आम्ही तिघेही हसत असू, पण सुट्टीत दुपारी कोणी नदीकडे फिरकत नसे.

१९७१ साली आम्ही तेरा वर्षांचे होतो. शाळेत विज्ञान शिकत होतो. भूत नसते हे आमच्या शिक्षकांनी सप्रमाण समजावून दिले होते, आणि ते खरेच होते. त्यांचा त्यात काही दोष नाही. दोष आमच्या फुशारकीचा. दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी आम्ही धाकट्यास समोर बसवून गुरुजींच्या थाटात सांगितले की गिऱ्हाबिऱ्हा काही नसतो, आईने आपल्याला घाबरवण्यासाठी रचलेली ती गोष्ट आहे. तो म्हणाला, "खरंच नसतो?" आम्ही म्हणालो, "शप्पथ."

त्या दुपारी आम्ही पडवीत पालथे पडून कोणाकडून तरी मागून आणलेला दिवाळी अंक वाचीत होतो. आतून यंत्राची घरघर ऐकू येत होती. धाकटा आळीतल्या दोन मुलांबरोबर नदीवर गेला. ती मुले परत आली.

ह्याहून अधिक आम्ही लिहीत नाही.

थोड्याच दिवसांनी २ नोव्हेंबर आला. आमच्या आयुष्यात त्या दिवसाला मेणबत्ती लावण्याजोगी स्वतःची कबर तेव्हा प्रथम मिळाली. नंतर नाताळ आला. मध्यरात्रीच्या मिस्साहून परतल्यावर आईने नेहमीप्रमाणे ताटे मांडली, मोजली, आणि एक उचलून आत नेऊन ठेवले. पुढे कित्येक वर्षे हे असेच चालले. दर नाताळला ती पाच ताटे मांडी, आणि मग एक आत नेई. रोजच्या जेवणाला तिची मोजणी कधी चुकली नाही, सणालाच चुके. मेलेले माणूस नाताळच्या रात्रीच परत का येते, हे आम्हांस कोणत्याही पुस्तकातून शिकावे लागले नाही. त्या रात्री सर्वांनी यावयाचे असते. जो येत नाही तो त्याच्या न येण्यानेच येतो, आणि दारापाशी उभा राहतो.

आईने त्यानंतर कधी कोणतीही गोष्ट सांगितली नाही. आमच्या सिल्वासाचे चर्च पियेदाद मातेच्या नावाचे आहे, म्हणजे मांडीवर मृत पुत्र घेऊन बसलेल्या मातेच्या नावाचे. तेथे ती दर रविवारी जाई, शेवटच्या बाकावर बसे, आणि घरी येऊन यंत्र सुरू करी. तिने आम्हांस एका शब्दाने दुखवले नाही. तिला काही ठाऊकच नाही, असे आम्ही धरून चाललो होतो. शप्पथ घेतल्याची गोष्ट आमच्यावाचून ज्याला ठाऊक होती, तो सांगावयास उरला नव्हता.

तिच्या अखेरच्या दुखण्यात एका रात्री आम्ही तिच्या उशाशी बसलो होतो. आमचेही केस तोवर पिकले होते. कसे कोण जाणे, आम्ही सारे बोलून टाकले: ती सकाळ, ती फुशारकी, ती शपथ. ती बराच वेळ छताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "गिऱ्हा नाही, हे मला ठाऊक नव्हतं का रे? पण सुट्टीच्या दिवशी तुमच्यावर नजर ठेवायला घरात दुसरं होतं कोण? माझे हात शिलाईत गुंतलेले. तुझे बाबा कामावर. मग मी त्याला बसवला." थोडे थांबून ती पुढे म्हणाली, "तू त्याला उठवलंस. मुलं उठवतातच. मीच दुसरा कोणी ठेवायला हवा होता." एवढे बोलून तिने आमचा हात आपल्या हातात घेतला, आणि सकाळपर्यंत सोडला नाही.

वाचकहो, नातवाने जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर आमच्या आईने आधीच देऊन ठेवले होते. सणाच्या दिवशी सारे राखणदार घरी गेलेले असतात. उरलेल्या एकट्या जागेवर कोणीतरी भय बसवते. कधी एखादी आई बसवते, कधी एखादा लेखक. भयकथा सांगणाऱ्या प्रत्येकाच्या मनात हे असते असे आम्ही म्हणणार नाही. पुष्कळांच्या मनात खपाचा विचारच असतो. परंतु ती गोष्ट मुळात ज्या घरातून निघाली त्या घरात हात गुंतलेली एक बाई होती, असे आम्हांस वाटते.

१ नोव्हेंबरला सकाळी घरातील मंडळींनी दुधनीला जाण्याचा बेत केला. तेथे मधुबन धरणाचे पाणी डोंगरांच्या कुशीत पसरले आहे, नावा चालतात, सुट्टीत मोठी गर्दी असते. तीच दमणगंगा, फक्त आता अडवलेली. आजवर आम्ही असल्या सहलींना कसलेतरी निमित्त काढून घरी राहत आलो होतो. ह्या वेळी म्हणालो, "आम्हीही येतो." सुनेने आश्चर्याने पाहिले, पण काही विचारले नाही.

पाण्याच्या काठी एका दगडावर नातवास बसवून आम्ही त्याला गिऱ्ह्याची गोष्ट सांगितली. आईने सांगितली होती तशीच. हाक, भर दुपार, सारे काही. तो डोळे मोठे करून ऐकत होता. गोष्ट संपल्यावर त्याने तोच प्रश्न विचारला, जो आम्हांस ठाऊक होता की तो विचारणार. "आजोबा, खरंच असतो का गिऱ्हा?"

त्रेपन्न वर्षांपूर्वी ह्या प्रश्नाला आम्ही खरे उत्तर दिले होते, पण ते अर्धेच होते. आम्ही म्हणालो, "गिऱ्हा नसतो, बाळ. डोह असतो." आणि मग त्याला सांगितले की त्याला एक धाकटे आजोबा होते, ते कायमचे नऊ वर्षांचे राहिले. त्यांचे नावही सांगितले. हे नाव आमच्या मुलांनीही आमच्या तोंडून क्वचितच ऐकले असेल.

तो काही बोलला नाही. पाण्याकडे पाहत त्याने आपले पाय हळूच दगडावर वर ओढून घेतले, आणि आमचा हात धरला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत जेथे जेथे घरातली लहान मुले पाण्याजवळ गेली, तेथे तेथे तो त्यांच्या मागे उभा असलेला आम्ही पाहिला.

दुसऱ्या दिवशी २ नोव्हेंबर. मिस्सानंतर आम्ही सर्वजण दफनभूमीत गेलो. शहरात पाडव्याचे फटाके वाजत होते. धाकट्याच्या कबरीवर मेणबत्ती लावावयास आम्ही वाकलो, तोच नातवाने ती आमच्या हातून घेतली. वाऱ्याने ती दोनदा विझली. तिसऱ्यांदा त्याने दोन्ही हातांचा आडोसा केला, आणि ज्योत नीट धरेपर्यंत तो तेथून हलला नाही.